यंत्र व एरोस्पेस अभियांत्रिकीतील संशोधन-प्रभावानुसार विद्यापीठांची क्रमवारी

यंत्र व एरोस्पेस अभियांत्रिकीतील संशोधन-प्रभावानुसार विद्यापीठांची क्रमवारी म्हणजे या दोन विद्याशाखांमध्ये एखाद्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधांचा पुढील संशोधनावर किती परिणाम झाला, याच्या मोजमापावरून लावलेला संस्थांचा अनुक्रम होय. एका शोधनिबंधाचा इतर संशोधकांनी आपल्या लेखनात केलेला उल्लेख म्हणजे उद्धरण. उद्धरणांची संख्या हा या मोजमापाचा मुख्य आधार आहे. अध्यापनाचा दर्जा, शुल्क, वसतिगृह किंवा नोकरीची संधी या गोष्टी अशा क्रमवारीत मोजल्या जात नाहीत.

प्रमुख क्रमवाऱ्या

शांघाय येथून २००३ पासून जागतिक विद्यापीठांची क्रमवारी प्रसिद्ध होते. तिच्या विषयवार यादीत यंत्र अभियांत्रिकी आणि एरोस्पेस अभियांत्रिकी हे दोन स्वतंत्र विषय आहेत. ठरावीक कालावधीत किमान संख्येइतके शोधनिबंध प्रसिद्ध केलेल्या संस्थांचाच तिच्यात विचार होतो. क्यूएस या संस्थेच्या क्रमवारीत यंत्र, विमान व उत्पादन अभियांत्रिकी हा एकच एकत्रित विषय आहे. उद्धरणांबरोबरच प्राध्यापकांमधील व नियोक्त्यांमधील लौकिकालाही तेथे गुण असल्यामुळे ती केवळ संशोधन-प्रभावाची क्रमवारी ठरत नाही.

भारतात केंद्र शासनाने २०१५ मध्ये राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारी आराखडा, म्हणजेच एनआयआरएफ, जाहीर केला. त्याची पहिली यादी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. अभियांत्रिकी गटात १०० पैकी ३० गुण अध्यापन व साधनसामग्रीला, ३० संशोधन व व्यावसायिक कार्याला, २० पदवी-निष्पत्तीला आणि प्रत्येकी १० गुण समावेशकता व लौकिक यांना आहेत. या आराखड्यात अभियांत्रिकीचा एकत्रित विचार होतो. यंत्र किंवा एरोस्पेस शाखेची वेगळी यादी नसते. २०१६ पासून अभियांत्रिकी गटात आयआयटी मद्रास सातत्याने प्रथम स्थानी आहे.

मोजमापाची रीत

एकूण उद्धरणे, प्रति शोधनिबंध सरासरी उद्धरणे आणि एच-निर्देशांक ही नेहमीची मापे आहेत. एच-निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हर्श यांनी २००५ मध्ये सुचविला. ज्या सर्वांत मोठ्या संख्येइतक्या शोधनिबंधांना प्रत्येकी किमान तितकी उद्धरणे मिळालेली असतात, ती संख्या म्हणजे एच-निर्देशांक.

माप बदलले की अनुक्रम कसा बदलतो, हे एका काल्पनिक उदाहरणावरून दिसते. एका लहान विभागाचे १० शोधनिबंध आहेत. त्यांपैकी नऊ निबंधांना प्रत्येकी २ आणि एकाला ६२, अशी एकूण ८० उद्धरणे मिळाली. दुसऱ्या मोठ्या विभागाच्या २०० निबंधांना १,००० उद्धरणे मिळाली. एकूण संख्येत मोठा विभाग पुढे आहे. सरासरीत मात्र लहान विभाग ८ विरुद्ध ५ असा वरचढ ठरतो. तरीही लहान विभागाचा एच-निर्देशांक केवळ २ भरतो, कारण त्याची सरासरी एकाच निबंधाने उंचावलेली आहे.

विषयागणिक उद्धरणांचे प्रमाण वेगळे असते. म्हणून काही क्रमवाऱ्या उद्धरणांची तुलना त्याच विषयातील व त्याच वर्षातील जागतिक सरासरीशी करतात. या मापात १ हा आकडा जागतिक सरासरी दर्शवितो.

मर्यादा आणि आक्षेप

एरोस्पेस क्षेत्रातील पुष्कळ काम संरक्षण व अवकाश प्रकल्पांसाठी होते आणि गोपनीयतेमुळे ते प्रसिद्ध होत नाही. असे काम उद्धरणांच्या हिशेबात येत नाही. उलट, गुणांसाठी घाईने किंवा गैरमार्गाने निबंध प्रसिद्ध करण्याची प्रवृत्तीही वाढते. यावर उपाय म्हणून एनआयआरएफने २०२५ मध्ये मागे घेतलेल्या शोधनिबंधांसाठी गुण वजा करण्याची तरतूद केली. पारदर्शकतेच्या प्रश्नावर २०२० मध्ये मुंबई, दिल्ली, मद्रास यांसह सात आयआयटींनी टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक क्रमवारीत सहभागी न होण्याचा निर्णय जाहीर केला. केवळ आकड्यांवरून संशोधनाचे मूल्य ठरवू नये, ही भूमिका सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने आणि २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने मांडली आहे.

चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा संदर्भ

या दोन वनबहुल जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे करून गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय गडचिरोली येथे आहे. चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ मध्ये सुरू झाले असून तेथे यंत्र अभियांत्रिकी शाखा आहे. राष्ट्रीय महत्त्वाची जवळची अभियांत्रिकी संस्था म्हणजे नागपूर येथील विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था. तिची स्थापना १९६० ची. यंत्र व एरोस्पेस या दोन्ही विषयांचे स्वतंत्र विभाग मुंबईच्या आयआयटीत आहेत.

पदवी अध्यापनाचा भार मुख्यत्वे वाहणाऱ्या महाविद्यालयांना शोधनिबंधांच्या किमान संख्येची अट गाठणे कठीण असते. शिवाय संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापकाने निबंधावर केवळ महाविद्यालयाचे नाव लिहिले, तर ते काम विद्यापीठाच्या खात्यात जमा होईलच असे नाही. यादीत नाव नसणे म्हणजे शिक्षण निकृष्ट असणे, असा अर्थ त्यामुळे निघत नाही.

या परिसरातील तांत्रिक प्रश्नही स्थानिक स्वरूपाचे आहेत. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी राखेचे प्रमाण अधिक असलेल्या कोळशामुळे बाष्पकाच्या नळ्यांची झीज होते. खाणींतील वाहक पट्टे, पूर्वेकडील धानपट्ट्यातील भातगिरण्या आणि बांबूवर प्रक्रिया करणारी यंत्रे हे यंत्र अभियांत्रिकीचेच विषय आहेत. एखाद्या भातगिरणीत तुकडा तांदूळ कमी करणारी सुधारणा गावाला उपयोगी पडते. परंतु ती आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली नाही, तर तिला उद्धरण मिळत नाही.

विद्यार्थ्यांसाठी उपयोग

पीएच.डी. किंवा पदव्युत्तर संशोधनासाठी मार्गदर्शक, प्रयोगशाळा व विषय निवडताना अशी क्रमवारी उपयुक्त ठरते. बारावीनंतर पदवी प्रवेश घेताना मात्र शिक्षकसंख्या, प्रयोगशाळांची स्थिती, शुल्क व शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि उत्तीर्ण विद्यार्थ्यांची पुढील वाटचाल यांची माहिती वेगळी मिळवावी लागते. कोणतीही यादी वाचताना तिने काय मोजले, कोणत्या वर्षांचे मोजले आणि कोणाला मोजणीतच घेतले नाही, हे प्रथम पाहणे आवश्यक असते.