हौदांच्या वाटेनं पुणं

गेल्या व्याख्यानात आपण कागदपत्रांतून शहराचा इतिहास कसा लिहिला जातो हे पाहिलं. आज कागद बाजूला ठेवू आणि चालायला निघू. पुण्यात हल्ली रविवारी सकाळी वारसा-फेऱ्या निघतात. एक माहीतगार माणूस पुढे आणि वीस-पंचवीस मंडळी मागे. मीही अशा फेऱ्यांना जातो, कधी ऐकायला, कधी सांगायला. फेरीत आपण काय पाहतो आणि कशाला वळसा घालून पुढे जातो, हा आजचा विषय.

सुरुवात बहुतेक वेळा शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी होते. पाया १७३० चा, वास्तुशांत १७३२ ची, आणि १८२८ च्या आगीत आतला वाडा जळाला. त्यामुळे आज दिसतात ते तट, दरवाजे आणि जोती. आत गेलं की सगळे हजारी कारंजापाशी थांबतात, फोटो काढतात. मी तिथे एकच प्रश्न विचारतो: या कारंज्याला पाणी कुठून येत होतं?

नदी तर जवळच आहे, असं कुणीतरी म्हणतंच. पण नदीचं पाणी आपण होऊन वर कसं चढणार? हे पाणी आलं कात्रजहून. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यास, कात्रजला ओढ्यावर बांध घातला आणि तिथून जमिनीखालून बांधीव नळ शहरापर्यंत आणला. पंप नाही, यंत्र नाही, नुसत्या उतारावर पाणी आठ-दहा किलोमीटर चालत आलं. वाटेत जागोजागी उच्छ्वास ठेवले, म्हणजे हवा खेळण्यासाठी आणि साफसफाईसाठी वर काढलेली तोंडं. पेठांत हौद बांधले. वाड्यातलं कारंजं ही त्या व्यवस्थेची शोभा. तिचं खरं काम त्या हौदांवर चालत होतं.

आता वाड्यातून बाहेर पडा आणि दक्षिणेकडे चला. दहा मिनिटांत फरासखाना येतो. पेशवाईत इथे तंबू, राहुट्या, बिछायतीचं सामान असायचं. इमारतीचं काम बदललं, पण नाव राहिलं. शेजारी दगडूशेठ गणपतीची गर्दी. या गर्दीत, फरासखान्याच्या कडेला, एक हौद आहे. बहुतेक लोक त्याच्याकडे न बघता पुढे जातात. त्याचं नाव बाहुलीचा हौद.

हा पेशव्यांचा हौद नव्हे. तो बांधला डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी, १८८० च्या सुमारास, आपल्या लहान मुलीच्या स्मरणार्थ. घोले हे नावाजलेले शल्यचिकित्सक, जोतीराव फुल्यांचे स्नेही, सत्यशोधक समाजातले. मुलीचं नाव काशीबाई, लाडानं बाहुली. त्यांनी तिला शिकवायला सुरुवात केली आणि त्याचा राग मनात धरून कुणीतरी तिला काचा कुटून घातलेलं खायला दिलं, अशी कथा पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

इथे सांगणाऱ्याची कसोटी लागते. कथा सांगितली की लोक गलबलतात, हे खरं. पण तोंडी आलेली कथा ती कथा म्हणूनच सांगावी आणि समोर उभा असलेला दगड दगड म्हणून. दगड एवढं नक्की सांगतो की एका बापानं मुलीची आठवण देवळात किंवा समाधीत न ठेवता पाण्याच्या हौदात ठेवली, आणि तो हौद सर्व जातींना खुला केला. त्या काळच्या पुण्यात ही लहान गोष्ट नव्हती. कात्रजच्या नळाचं पाणी पेठोपेठी पोचलं होतं, पण अस्पृश्य मानलेल्यांना त्या हौदांत घागर बुडवता येत नव्हती. दगडाच्या नळातून पाणी मैलोगणती आलं, आणि शेवटच्या दोन हातांवर येऊन अडलं.

जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला, तो याच कारणानं. तो गंज पेठेत, फुलेवाड्यात. फरासखान्यापासून पायी अर्ध्या तासाच्या आत. तरी पुष्कळ फेऱ्या तिथवर जातच नाहीत. वेळ नसतो, असं सांगतात.

आणि जाता जाता भिडेवाडा. दगडूशेठच्या समोरच. १८४८ साली फुले दांपत्यानं मुलींची शाळा काढली ती इथे. आम्ही वर्षानुवर्षं लोकांना तिथे उभं करून एक मोडकळीला आलेली इमारत दाखवायचो. डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी तो वाडा पाडला. पाडल्यानंतरच्या एका फेरीत एक आजीबाई म्हणाल्या, ‘अहो, मी या रस्त्यानं चाळीस वर्षं भाजीला गेले, कधी मान वर करून पाहिलं नाही. आज पाहायला आले, तर आभाळ दिसतंय.’ सगळे हसले. त्या मात्र हसल्या नाहीत.

मला वाटतं, फेरीचं मोल इथे आहे. इमारती टिकतीलच असं नाही. आजचा लाल महालसुद्धा नव्यानं बांधलेला. पानशेतच्या पुरानं १२ जुलै १९६१ ला नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात नेले. ज्या वास्तूपुढे कुणी थांबत नाही, ती पडताना हळहळायलाही कुणी नसतं.

तेव्हा पुढच्या वेळी फेरीला जाल, पुण्यात किंवा कुठल्याही जुन्या गावात, तर राजा कोण, वाडा किती मजली, हे विचाराच. पण हौदापाशी थांबून एवढंही विचारा: इथे पाणी कोण भरत होतं, आणि कोणाला भरू दिलं जात नव्हतं? उत्तर मिळालं नाही, तर ते शोधायला पुन्हा एकदा चालावं लागेल.