मावळातल्या कुत्र्याचं एकटेपण

भोर-वेल्ह्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या जुन्या नोंदवह्या मी नोकरीच्या सुरुवातीला चाळल्या होत्या. बैलाचा खांदा सुजला, गाईची वार अडकली, म्हशीची कास दगडाळली, मेंढरांना आंत्रविषाराची लस टोचली, पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याचं लसीकरण उरकलं. पानंच्या पानं अशी. कुत्रा त्यात क्वचित यायचा आणि आलाच तर बहुतेक एकाच कारणाने: पिसाळल्याचा संशय. ज्याला चावला त्याने पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायची आणि कुत्र्याला गावाने काठ्यांनी मारायचं, एवढ्यावर प्रकरण मिटायचं.

मी याच मुलखातली. हिर्डस मावळात वाढले, नीरेपलीकडे शिरवळला पशुवैद्यक शिकले आणि तेव्हापासून या दोन तालुक्यांतल्या जनावरांवर उपचार करते. अलीकडे माझ्याकडे कुत्र्यांची एक वेगळीच तक्रार येऊ लागली आहे. माणसं बाहेर पडली की कुत्रा दाराची चौकट कुरतडतो, नखं रक्ताळेपर्यंत उंबरा उकरतो, लाळेने फरशी भिजवतो, तासन्‌तास विव्हळतो. पशुवैद्यकात याला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात. त्यावर आज औषध आहे. मात्र हे दुखणं आपल्या खोऱ्यांत कसं शिरलं ते पाहिल्याशिवाय त्या औषधाकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे उमगत नाही.

जनावरांचं वैद्यक ज्यांच्यावर राज्य आणि शेत चालायचं त्यांच्यासाठी जन्माला आलं. घोड्यांसाठी शालिहोत्राचं शास्त्र होतं, हत्तींसाठी पालकाप्याचं. इंग्रजांनी १८६२ मध्ये पुण्यात लष्करी पशुवैद्यक शाळा काढली ती फौजेच्या घोड्यांच्या गरजेपोटी. १८८६ मध्ये परळला मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, पण खेड्यांत पोहोचलेल्या पशुवैद्याची सगळी शक्ती बैल आणि गाय वाचवण्यात गेली. बुळकांडीची साथ आली की गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे. तिचा शेवटचा रुग्ण आपल्या देशात १९९५ मध्ये सापडला आणि २०११ मध्ये जग त्या रोगातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या लढाईत खपलेल्या माणसांनी कुत्र्याच्या मनाचा विचार केला नाही, यात त्यांना दोष देण्यासारखं काही नाही. १९८८ मध्ये शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय उभं राहिलं, तेव्हाही आमच्या पंचक्रोशीला त्याचा आनंद झाला तो दुभत्या जनावरांसाठी.

शिवाय तेव्हा मावळातल्या कुत्र्याला एकटेपण माहीतच नव्हतं. आमच्या वाडीत कुत्रा एका माणसाचा नसायचा, घराचा असायचा, आणि घरात म्हातारी, सुना, पोरं, गडी धरून कायम कुणी ना कुणी असायचं. पहाटे चूल पेटली की तो चुलीच्या उबेला, दिवसभर गुराख्याबरोबर रानात, तिन्हीसांजेला गोठ्याच्या तोंडाशी. बिबट्या कुत्रा उचलतो म्हणून रात्री त्याला पडवीत घेत. सगळी माणसं गेली आहेत आणि दाराला कुलूप आहे, असा दिवस त्याच्या आयुष्यात उगवत नसे.

धनगरांच्या कुत्र्याचं तर आणखी पक्कं. दिवाळी सरली की देशावरच्या मेंढपाळांचे वाडे भोरवरून वरंधा घाटाने कोकणात उतरतात आणि पावसाच्या आधी परततात. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतात. शेताला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. घोड्यावर संसार, त्यावर बांधलेल्या कोंबड्या आणि भोवती कुत्री. त्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, कारण लांडगा आणि बिबट्या आधी मान धरतात. अशाच एका तळावर मेंढ्यांना औषध पाजायला गेले होते, तेव्हा वाघरीत, म्हणजे मेंढरांभोवती लावलेल्या जाळीत, कोकरांना बिलगून झोपलेलं पिल्लू दिसलं. डोळे उघडून फार दिवस झाले नसावेत. मी विचारलं, तर धनगरीण म्हणाली, "त्याला मेंढराचा वास लागाय पायजे, ताई. मान्सं काय, आज हाय उद्या न्हाय. मेंढरं कुटं जात न्हाईत." कुत्र्याचा जीव कशात गुंतवायचा याचं हे ज्ञान किती पिढ्यांचं असेल! कळप कधी त्याला सोडून जात नाही, म्हणून त्या कुत्र्याला विरह नाही.

याचा अर्थ जुन्या काळी कुत्रे झुरत नव्हते असं नाही. रायगडावर वाघ्या कुत्र्याचं स्मारक आहे, ते १९३६ मधलं. शिवाजी महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली ही दंतकथा. समकालीन कागदांत तिला आधार मिळत नाही, पण मावळातल्या प्रत्येक घरात ती सांगितली जाते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. भैरवनाथाचं वाहन कुत्रा, खंडोबाच्या पायाशी कुत्रा. या परंपरेने आम्हाला कुत्र्याचा मान राखायला शिकवलं आणि त्याबरोबर एक गोष्ट मनावर ठसवली: मालकामागे अन्नपाणी सोडतो तो कुत्रा थोर. आमच्या आळीत एक म्हातारा गेला, त्याच्या कुत्र्याने भाकरीला तोंड लावणं सोडलं आणि तेरावा व्हायच्या आत तोही गेला. लोक अजून ते डोळ्यांत पाणी आणून सांगतात. मलाही भरून येतं. पण त्या कुत्र्यासाठी कुणी डॉक्टरला बोलावलं नाही. त्याच्या दुःखाचा सगळे गौरव करत होते, मग त्यावर इलाज करायचं मनात येणार कुठून? आज तसा कुत्रा आला तर मी आधी त्याचं रक्त तपासते. गोचीडताप आहे का, मूत्रपिंडं काम करतात का, हे पाहते. शरीरात काही सापडलं नाही, तर मनाच्या दुखण्याचा उपचार सुरू करते. त्याचं प्रेम मला कमी वाटतं असं नाही, त्या प्रेमापायी त्याने मरावं हे मला मान्य नाही.

कुत्र्याचं हे माणसांनी भरलेलं जग पहिल्यांदा मोडलं ते पाण्याने. वेळवंडी नदीवर भाटघरला पहिलं धरण १८९२ मध्ये पुरं झालं, त्याच्या जागी मोठं लॉईड धरण १९२७-२८ च्या सुमारास. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ आजही उघडं पडतं. पुढे पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर, गुंजवणी. एकेका खोऱ्यातल्या वाड्या उठत गेल्या. पुनर्वसनासाठी माणसं मोजली, जमीन मोजली, घरं, झाडं, विहिरी मोजल्या. कुत्र्याचा रकाना कुठल्या कागदात असणार?

नीरेच्या खोऱ्यातली एक वाडी उठताना मी पाहिली आहे. ट्रकमध्ये आधी पत्रे आणि वासे गेले, मग भांडीकुंडी, पेट्या, शेवटी एक म्हैस चढवली. कुत्री थोडं अंतर धावली आणि वळणावर थांबली. बाकीची हळूहळू इकडेतिकडे पांगली, पण एक तांबडा कुत्रा मोडलेल्या घराच्या जोत्यावर परत येऊन बसला. भिंती नव्हत्या, छप्पर नव्हतं, नुसतं दगडी जोतं. वरच्या वाडीतली पोरं त्याला भाकरी टाकत, ती तो अंधार पडल्यावर खाई. पोरं ओढायला गेली की गुरगुरे. अखेर पाणी चढत जोत्याला लागलं तेव्हा त्याने जागा सोडली. गाव म्हणालं, किती इमानी जनावर! मला दिसत होता तो धाप लागलेला, थरथरणारा, वाळत चाललेला कुत्रा.

त्याच सुमाराला जगात दुसरीकडे अशा कुत्र्यांसाठी पहिलं औषध तयार झालं होतं. क्लोमिप्रामीन हे मूळचं माणसांचं औषध. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या गायगी कंपनीने ते १९६० च्या दशकात तयार केलं. उदासीनता आणि मंत्रचळ या विकारांवर ते दिलं जातं. त्याच कंपनीचा वारसा सांगणाऱ्या नोव्हार्टिसने ते कुत्र्यांसाठी क्लोमिकाम नावाने आणलं आणि १९९८ मध्ये अमेरिकेत कुत्र्याच्या विरहाच्या चिंतेवर त्याला मान्यता मिळाली. २००७ मध्ये एली लिली कंपनीच्या फ्लुऑक्सेटिनला मिळाली. ही औषधं मेंदूतल्या सिरोटोनिन या रसायनाचा प्रभाव टिकवून धरतात. त्याआधी अशा कुत्र्याला फार तर गुंगीचं औषध दिलं जाई. अंग सुस्त पडायचं, आतली भीती तशीच राहायची. नव्या औषधांनी भीतीलाच हात घातला. आणि दोन्ही औषधांना मान्यता देताना एक अट घातली गेली: सोबत वागणुकीचं शिक्षण द्यायचं, नुसती गोळी नाही.

आमच्या खोऱ्यांत ही गोळी पोहोचली ती फार्महाऊसच्या वाटेने. पुणेकरांनी पानशेतच्या, भाटघरच्या जलाशयाकाठी, राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी घरं बांधली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुष्कळ घरांत कुत्री आली आणि चोवीस तास माणसांच्या सहवासात वाढली. मग कचेऱ्या उघडल्या, फ्लॅट बंद राहू लागले आणि काही कुत्री राखणदाराच्या हवाली झाली.

गुंजवणीच्या खोऱ्यातल्या एका लॅब्रेडॉरला मी त्या काळात पाहिलं. राखणदार जोडपं गावचंच, जीव लावणारं, पण कुत्रा त्यांच्याकडे बघेना. त्यांना मी मोबाईलवर चित्रण करायला सांगितलं, कारण कुत्रा कंटाळून नासधूस करतो की घाबरून, हे त्यावरून कळतं. गाडीचा आवाज वळणापलीकडे विरतो न विरतो तोच त्याचे कान मागे गेले, जीभ बाहेर आली, तो दार आणि खिडकी यांच्यामध्ये धावू लागला, मग चौकटीला दात लावले. चौकटीच्या खालच्या हातभर लाकडात खाचा पडल्या होत्या आणि त्यांत वाळलेलं रक्त होतं.

औषध लिहायच्या आधी मी गोठ्यातली फळी पाहिली. तिथे अमिट्राझची बाटली होती. गाईंच्या गोचिडांसाठी आणलेलं तेच औषध राखणदार कुत्र्यालाही लावत होता. खेड्यात हे सर्रास चालतं, म्हणून मुद्दाम लिहिते: अमिट्राझ आणि या गोळ्या एकत्र झाल्या तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. फेफरं येणाऱ्या कुत्र्यालाही या गोळ्या फार जपून द्याव्या लागतात. आधी ते अमिट्राझ थांबवलं, शरीरातून पूर्ण उतरायला पुरेसा वेळ दिला आणि मगच वजनाच्या हिशेबाने फ्लुऑक्सेटिन सुरू केलं. आपल्याकडे पशुवैद्य बहुधा माणसांच्याच गोळ्या लिहून देतात, त्यामुळे भोरच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठी दोनदा वाचली गेली.

पहिले काही दिवस कुत्र्याची भूक कमी झाली, तो सुस्त राहिला. मालकांना मी बजावलं होतं की गुण यायला महिना-दीड महिना लागतो आणि गोळी मनानेच एकदम बंद करायची नाही. दरम्यान शिक्षण सुरू झालं. मालकांनी चावी वाजवायची आणि जायचं नाही. दाराबाहेर पाऊल टाकायचं आणि लगेच आत यायचं. मग थोडा वेळ, मग आणखी थोडा. राखणदाराची बायको त्याला चुलीपाशी घेऊन बसू लागली. गोळीने भीती ओसरली तसा तो तिच्या हातचं खाऊ लागला आणि पावसाळा लागता लागता गाईंच्या मागे रानात जायला लागला. पुढे कित्येक महिन्यांनी, माझ्या सांगण्यावरून, गोळी हळूहळू उतरवत आणली.

त्या कुत्र्याला बरं केलं कुणी? एली लिलीच्या प्रयोगशाळेने की चुलीपाशी बसलेल्या बाईने? मी मनापासून सांगते, दोघांनी. भीतीने आंधळ्या झालेल्या कुत्र्याला नवी माणसं दिसत नाहीत. गोळी त्याला ती दिसू देते. आणि दिसायला माणसंच नसतील तर गोळी कुणाला दाखवणार? जोत्यावरच्या तांबड्या कुत्र्याला यातलं दोन्ही मिळालं असतं तर तो सावरला असता, असं मी आज जाणत्या अनुभवाने म्हणू शकते.

म्हणून या दोन्ही तालुक्यांतल्या माणसांना माझं सांगणं आहे. कुत्र्याला मनाच्या गोळ्या देणं हे श्रीमंतांचं खूळ नव्हे. रडणाऱ्या, चौकट कुरतडणाऱ्या कुत्र्याला मारू नका, साखळीने बांधून ठेवू नका, त्याला डॉक्टरकडे आणा. गावातलं घर विकून किंवा बंद करून शहराला जाणाऱ्यांनी ट्रक बोलवायच्या आधी कुत्र्याची सोय लावावी. इथे जागा घेऊन कुत्रा ठेवणाऱ्यांनी कुंपणाच्याही आधी ठरवावं की आठवड्याचे सातही दिवस त्याच्याजवळ कोण असेल. आणि शिरवळहून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या नव्या पशुवैद्यांनी बैलाच्या खांद्याइतकंच लक्ष कुत्र्याच्या भीतीकडे द्यावं. आपल्या पूर्वजांनी कुत्र्याला समाधी देऊन त्याचा मान केला. त्याला जगवून तो मान वाढवणं आता आपल्या हाती आहे.