कपाळापासून कानशिलापर्यंत

बल्लारपूरची कथा सुरू होते ती एका राजाच्या अंगावरच्या गाठींपासून. पंधराव्या शतकातला मानला जाणारा गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा गाठींनी बेजार झाला होता. औषधे थकली तेव्हा राणीच्या सांगण्यावरून त्याने सिरपूर सोडले आणि वर्धेच्या काठी बल्लारपूरचा किल्ला उभारला. पुढे शिकारीत तहानलेल्या राजाने झरपटच्या कोरड्या पात्रातल्या खड्ड्यातले पाणी प्यायले, हातपाय-तोंड धुतले, आणि गाठी नाहीशा झाल्या. तिथे अचलेश्वराचे देऊळ झाले, भोवती चंद्रपूर वसले. रोग कोणता, हे दंतकथेला विचारू नये.

राजाला तीर्थ सापडले. गाडीवानाला कारागीर शोधावा लागला.

कावसजी हा मराठा शेतकरी 1792 च्या लढाईत इंग्रजी फौजेचे बैल हाकत होता. टिपूच्या माणसांनी त्याला पकडले आणि त्याचे नाक व एक हात कापला. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्याच्या सर्जनांनी ते पाहिले, आणि ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने चित्रासह छापले.

रीत अशी: मेणाच्या पातळ पत्र्याचा नाकाएवढा साचा करायचा, तो कपाळावर सपाट ठेवून कडेने रेघ मारायची आणि तेवढी कातडी सोलायची. दोन डोळ्यांच्या मधला एक चिंचोळा पट्टा मात्र तोडायचा नाही. त्याच पट्ट्यावर कातडी वळवून खाली आणायची. टाके नाहीत, पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून वर बसवायचा. चंद्रपूरच्या जंगलातल्या खैराचा कात विड्यापुरताच, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे! साधारण पंचविसाव्या दिवशी, कातडी नव्या जागी रुजल्यावर, पट्टा कापायचा. लंडनमध्ये जोसेफ कार्प्यूने ही शस्त्रक्रिया केली ती 1814 मध्ये.

सगळी मख्खी त्या पट्ट्यात होती. डोळ्याच्या खोबणीतून वर येऊन भुवईच्या आतल्या टोकाशी निघणारी धमनी त्यातून कपाळाला रक्त पुरवते. पुण्याच्या कारागिराने धमनीचे नाव ऐकले नसेल, पण वाट त्याला ठाऊक होती.

आज खोल गेलेले कानशील फिलर नावाचा जेलसारखा भराव टोचून भरणाऱ्या डॉक्टरला त्याच वाटांची धास्ती असते. कानशिलाच्या वरच्या थरात बोटाला लागणारी धमनी कपाळाकडे जाते आणि डोळ्याकडून आलेल्या धमन्यांना मिळते. तिच्यात सुई शिरून जोराने द्रव गेला, तर तो उलट्या दिशेने डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचून दृष्टी हिरावू शकतो. गालाच्या हाडाच्या कमानीच्या थोडे वरून आडवी जाणारी मोठी शीर वेगळीच; तिच्यातून फिलर थेट फुप्फुसात जाऊ शकतो. म्हणून कोणी भुवईच्या शेपटामागे, वरच्या बाजूला सुई हाडाला टेकवून थोडे थोडे, सावकाश सोडतात, तर कोणी वरच्या थरात बोथट टोकाची नळी वापरतात. धोका कमी होतो, संपत नाही.

आणि हा फिलर बहुधा असतो हायल्युरॉनिक आम्लाचा. 1934 मध्ये कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते प्रथम वेगळे केले, तेही गाईच्या डोळ्यातल्या जेलीतून. ते विरघळवणारे हायल्युरॉनिडेझ दवाखान्यात हाताशी ठेवावे लागते, कारण रक्त अडलेली कातडी त्याने वेळेत वाचवता येते. गेलेली दृष्टी परत आल्याची उदाहरणे मात्र थोडी आहेत.