जीपचे मागील दिवे व त्यांच्या कळा : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीक उभारलेली लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे वसतिस्थान झाली व ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणीचे नगर होत असतानाच युद्धासाठी घडविलेली जीपही मुलकी जीवनात प्रवेश करीत होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. या स्थित्यंतरात वाहनाच्या मागील दिव्यांचे कार्य कसे पालटले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

लष्करी योजना

युद्धकालीन जीपची विद्युतव्यवस्था ६ व्होल्टची होती. मागील दिव्यांचा हेतू परिसर उजळणे हा नव्हता; मागून येणाऱ्या चालकास अंतर कळावे, परंतु शत्रूच्या विमानास काही दिसू नये, हा होता. त्यासाठी अंधारबंदीचे मंद तांबडे ठिपके अशा रीतीने बसविले होते की, जवळून ते सुटे दिसत आणि दूर जाताच एकमेकांत मिसळून जात. मुख्य कळ ओढण्याची होती. पहिल्या टप्प्यावर केवळ अंधारबंदीचे दिवे लागत. त्यापुढे कळ ओढण्यासाठी बाजूचे कुलूपबटण दाबावे लागे, तेव्हाच नेहमीचे प्रखर दिवे पेटत. काळोखात सवयीने पुढे जाणाऱ्या हाताला यंत्रानेच अडवावे, ही त्यामागील दृष्टी होती. आजच्या अनेक जोडण्यांच्या तुलनेत ती अधिक शहाणपणाची वाटते.

मुलकी वापर आणि कायदा

शेती, बांधकाम, वन व वीजखात्याच्या कामांत जीप रुळल्यावर गरज उलटी झाली. मुरबाड-शहापूरच्या आडरस्त्यांवर रात्री ट्रेलर जोडणे, चिखलात रुतलेले वाहन ओढून काढणे किंवा मागे उतरून दुरुस्ती करणे यासाठी मागील बाजूस पांढरा प्रकाश हवा होता. कायद्याची भूमिका मात्र निराळी होती. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ नुसार वाहनाच्या मागे तांबड्याखेरीज अन्य प्रकाश दिसता कामा नये. मागे जातानाचा पांढरा दिवा, क्रमांकपट्टीचा दिवा, दिशादर्शक असे मोजके अपवाद त्यात आहेत. माळशेज घाटातील पावसाळी धुक्यात पुढच्या वाहनाचा पांढरा झोत डोळ्यांवर आला, तर ते वाहन पुढे चालले आहे की मागे येत आहे, हेच उमगत नाही. नियमाचा अर्थ तेथे आपोआप पटतो.

दोन कळांची जोडणी

साहजिकच कामाचा दिवा वाहन थांबल्यावरच लागावा, यासाठी स्वतंत्र कळ आली. ५५ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतात. एवढा भार डॅशबोर्डच्या नाजूक कळेतून नेल्यास तिचे संपर्कबिंदू जळतात. म्हणून बॅटरीजवळच्या फ्यूजमधून जाड तार रिलेपर्यंत आणि तेथून दिव्यांपर्यंत नेली जाते. कळेतून फक्त रिलेच्या गुंडाळीचा अल्प प्रवाह वाहतो. चालकाजवळ एक व मागील दाराशी एक, अशा दोन कळा हव्या असल्यास त्या समांतर जोडतात. कोणतीही एक दाबली की दिवे लागतात, पण विझविण्यासाठी दोन्ही बंद कराव्या लागतात.

खरी गुंतागुंत रिव्हर्स गिअरची तारही त्याच रिलेला जोडल्यावर होते. तेव्हा कामाची कळ दाबताच प्रवाह उलट्या मार्गाने रिव्हर्सच्या दिव्याकडे शिरतो आणि उभे वाहन मागे येत असल्याचा खोटा इशारा देऊ लागते. दोन्ही मार्गांत एकेक डायोड घातल्याने हे टळते. मागच्या दाराशी असलेली कळ चालू राहून गेल्यास मात्र डायोडचा उपयोग नाही. वाहन पांढरा झोत मागे टाकीत रस्त्याला लागते आणि चालकाला त्याचा पत्ता नसतो. त्यासाठी डॅशबोर्डवर इशाऱ्याचा छोटा दिवा बसवितात. जुन्या कुलूपबटणाचे काम आता त्याच्याकडे आहे. फरक इतकाच की, तो चालकाचा हात अडवीत नाही.