कचेरीची इमारत वारसा कधी ठरते? ईसीआयएलच्या निमित्ताने

हैदराबादचा वास्तुवारसा म्हटले की आपल्याला चारमिनार, गोवळकोंडा, चौमहल्ला, फार तर उस्मानिया विद्यापीठाचे आर्ट्स कॉलेज आठवते. घुमट, कमान किंवा मिनार दिसला की आपण इमारतीला मान देतो. सरळ रेघांच्या, काँक्रीटच्या कचेरीला तो मान सहसा मिळत नाही. तिथे आपण पगारासाठी गेलो, बिले भरायला गेलो, सही-शिक्क्यासाठी खेटे घातले. मग तिला वारसा कोण म्हणणार? तरीही आपल्या शहरात अशी एक कचेरी आहे, जिचे नाव भारतीय वास्तुकलेच्या अभ्यासकांना ठाऊक असते आणि जिच्या जवळून रोज बसने जाणाऱ्यांना मात्र नसते. ती म्हणजे ईसीआयएलची कार्यालयीन इमारत.

इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया लिमिटेड ही कंपनी अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत ११ एप्रिल १९६७ रोजी स्थापन झाली. तिचे शिल्पकार डॉ. ए. एस. राव, त्यांच्या नावाची वसाहत आज सर्वांना परिचित आहे. देशात बनलेले सुरुवातीचे संगणक इथलेच, आणि मतदान यंत्रे बनवणाऱ्या दोन सरकारी कंपन्यांपैकी एक हीच. तेव्हा गावाबाहेर असलेला तो भाग आज 'ईसीआयएल' एवढ्याच नावाने ओळखला जातो. बसच्या पाटीवर तेच नाव, रिक्षावाल्याला सांगायचे तेच नाव. एका कचेरीने एका उपनगराला नाव द्यावे, ही गोष्ट स्थानिक इतिहासात लहान नाही.

या कार्यालयाचा आराखडा चार्ल्स कोरिया यांचा, काळ १९६५ ते १९६८. कोरियांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी आपल्या सिकंदराबादेत झाला, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत नसेल. मूळ घराणे गोव्याचे, कर्मभूमी मुंबई. अहमदाबादच्या साबरमती आश्रमातील गांधी संग्रहालय, पणजीची कला अकादमी, मुंबईचे कांचनजंगा ही त्यांचीच कामे. नवी मुंबई वसवण्याची कल्पना शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांच्यासह त्यांनी मांडली. म्हणजे वाशी-बेलापूरला राहणाऱ्या आपल्या नातेवाइकांच्या पत्त्यामागेही हाच सिकंदराबादकर आहे. पुढे ईसीआयएलच्या कर्मचारी वसाहतीचे काम बाळकृष्ण दोशी यांनी केले. त्यांचा जन्म पुण्याचा, शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये, २०१८ साली प्रित्झकर पारितोषिक मिळालेले ते पहिले भारतीय. कचेरी एका थोर वास्तुकाराची आणि घरे दुसऱ्याची, असा योग कोणत्याही शहराला क्वचितच लाभतो.

पण इमारतीचे मोल केवळ करणाऱ्याच्या नावावर ठरवू नये. कोरियांपुढचा प्रश्न अगदी आपल्या ओळखीचा होता: दख्खनच्या पठारावरचे एप्रिल-मेचे कोरडे ऊन, आणि त्यात शेकडो माणसांनी दिवसभर बसून करायचे काम. सगळीकडे वातानुकूलन यंत्रे बसवणे त्या काळी परवडणारे नव्हते. म्हणून इमारतीच्या घडणीनेच ऊन अडवायचे, सावली धरायची आणि यंत्रांवरचा भार कमी करायचा, असा विचार इथे केलेला आहे. मधली जागा मोकळी, कामाच्या जागा तिच्याभोवती, वर सावलीसाठी जाळीसारखा मांडव. आपल्या मराठी वाड्याचा चौक आठवून पाहा. चौकामुळे घरातली हवा खेळती राहते, भिंती एकमेकींवर सावली धरतात आणि उन्हाळ्यात दुपारी ओटीवर बसवते. तीच समज इथे काँक्रीटमध्ये आणि सरकारी कचेरीच्या मापात आली आहे. आज काचेच्या पेटीत बसून दिवसभर एसी चालवणाऱ्या इमारती पाहिल्या की जास्त शहाणे कोण होते, असा प्रश्न आम्हाला पडतो.

इथे बँकेतल्या जुन्या सवयीचा एक मुद्दा सांगितल्याशिवाय राहवत नाही. ताळेबंदात इमारतीवर दरवर्षी घसारा लावतात. तिची पुस्तकी किंमत उतरत जाते आणि चाळीस-पन्नास वर्षांनी जवळजवळ शून्यावर येते. खाली जमिनीचा भाव मात्र चढलेला असतो. इतिहासाच्या खात्यात उलटे असते. तिथे इमारतीची किंमत काळाबरोबर वाढते, पण फार सावकाश. पुस्तकी किंमत संपलेली आणि ऐतिहासिक किंमत अजून कोणी मांडलेली नाही, अशी काही दशके मधे येतात. आधुनिक इमारती पडतात त्या बहुधा याच काळात. ईसीआयएलचे कार्यालय आज पन्नाशी ओलांडून नेमके तिथे उभे आहे.

कायदाही या काळात फारसा मदतीला येत नाही. प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या केंद्रीय कायद्यात किमान शंभर वर्षांची अट आहे. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे 'हॉल ऑफ नेशन्स' १९७२ साली उभे राहिले. वास्तुकार राज रेवाल, अभियंते महेंद्र राज. त्याची जगभर वाखाणणी झाली. पण साठ वर्षे पूर्ण न झालेल्या इमारतीचा विचार करता येत नाही, अशी भूमिका तिथल्या वारसा समितीने घेतली आणि एप्रिल २०१७मध्ये एका रात्रीत ते पाडले गेले. कोरियांच्याच कला अकादमीची गोष्ट गोव्यातल्या आप्तांकडून ऐकली असेल: नूतनीकरण चालू असताना जुलै २०२३मध्ये खुल्या रंगमंचाचे छत कोसळले. इमारत न पाडताही ती हातची जाऊ शकते, ती अशी.

हैदराबादेत वारसा इमारतींची यादी हुडाच्या नियमावलीतील तेराव्या नियमाखाली होती. तो नियम २०१५ साली रद्द झाला आणि २०१७मध्ये तेलंगणचा स्वतंत्र वारसा कायदा आला. जुन्या यादीत कुतुबशाही आणि आसफजाही काळाचा भरणा. स्वातंत्र्यानंतरच्या कचेऱ्यांना तिथे फारसे स्थान नव्हते. यादीत नाव असण्याने काय होते, ते एर्रम मंझिलच्या प्रकरणात दिसले. नवी विधानसभा बांधण्यासाठी तो महाल पाडण्याचा निर्णय झाला होता, उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९मध्ये तो रद्द केला. मूळ नियम रद्द झालेला असतानाही यादीतल्या जुन्या नोंदीचा त्या खटल्यात मोठा उपयोग झाला. पुढच्याच वर्षी जुने सचिवालय पाडले गेले. त्यात निजामाच्या काळातील सैफाबाद महालही गेला, तिथे आधुनिक इमारतींची काय कथा!

याच्या उलट उदाहरणेही आहेत. चंदीगडचा कॅपिटॉल परिसर २०१६ साली जागतिक वारसा यादीत गेला. त्यातले सचिवालय म्हणजे शेवटी फायली हलवणारी सरकारी कचेरीच, आणि वय साठीच्या आसपास. मुंबईच्या फोर्टातली न्यू इंडिया ॲश्युरन्सची इमारत १९३६ची. मास्टर, साठे आणि भुता या वास्तुकारांची. तिच्या दर्शनी भागावर ना. ग. पानसरे यांनी कोरलेली कष्टकरी माणसे पाहायला लोक मुद्दाम थांबतात. विमा कंपनीचे ऑफिसच आहे ते, पण आज त्याला 'नवे बांधकाम' कोणी म्हणत नाही.

मग कोणतीही जुनी कचेरी वारसा म्हणावी का? आमचे मत स्पष्ट आहे: नाही. शहरात सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी कचेऱ्या आहेत, ज्यांत तेव्हाही काही विशेष नव्हते आणि आजही नाही. त्या गेल्या तर फार हळहळ नको. इमारतीने बांधकामात किंवा हवामानाला तोंड देण्यात काही नवे करून दाखवले का, तिच्यामुळे आसपासच्या भागाचे किंवा शहराच्या उद्योगाचे रूप बदलले का, आणि मूळ घडण अजून ओळखू येते का, एवढे विचारावे. शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. खिडक्यांतून एसीची खोकी काढली, व्हरांडे बंद करून केबिनी केल्या, वरून काचेचे किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे आवरण चढवले की आत काय होते ते कळेनासे होते.

या कसोटीवर माधापूरचे सायबर टॉवर्सही घासून पाहावे. २२ नोव्हेंबर १९९८ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. वास्तू म्हणून आम्हाला ते फार भावत नाही. पण तो गोल मनोरा उभा राहिला आणि शहराचा कल पश्चिमेकडे झुकला. नांदेड, लातूर, सोलापूरची मुलेमुली इथे नोकरीला येऊ लागली, आपल्या गणेशोत्सवात नवे चेहरे दिसू लागले. दुसऱ्या प्रश्नात त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावे लागतील. गच्चीबावलीची जवाहरलाल नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट बँकिंग हीसुद्धा कोरियांची रचना, १९८६ ते १९९१ या काळातली. आम्हा बँकवाल्यांना ती अधिक जवळची.

ईसीआयएलचा परिसर सुरक्षित क्षेत्र आहे. आत सहज जाता येत नाही, फोटो काढण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे जे तिथे नोकरीला होते त्यांची आठवण आणि घरातली कागदपत्रे यांनाच महत्त्व येते. आपल्या सभासदांपैकी कोणी तिथे काम केले असेल किंवा वसाहतीत राहिले असेल, तर जुने गृहपत्रिकेचे अंक, समारंभांची छायाचित्रे (मागे इमारत दिसत असेल तर उत्तमच), निरोपसमारंभाचे गट-फोटो रद्दीत देऊ नयेत. फोटोच्या मागे पेन्सिलीने साल आणि जागा लिहावी. उन्हाळ्यात आत कसे वाटायचे, पंखे पुरायचे का, मधल्या मोकळ्या जागेत डबा खायला कोण बसायचे, कोणता भाग नंतर बंद झाला, हेही चार ओळींत लिहून ठेवावे. इंटॅकची शाखा हैदराबादेत आहे. एखाद्या इमारतीची नोंद व्हावी असे वाटल्यास पत्ता, बांधकामाचा काळ, वास्तुकाराचे नाव आणि अशी एक-दोन जुनी छायाचित्रे जोडून त्यांना पत्र पाठवता येते.