मराठी वाक्संप्रदाय कोश

मराठी भाषेतील वाक्प्रचार, संप्रदाय व म्हणी यांचा संग्रह करून त्यांचे अर्थ, उपयोग आणि शक्य तेथे उगम सांगणाऱ्या कोशांना वाक्संप्रदाय कोश असे म्हणतात. सामान्य शब्दकोशात एकेका शब्दाचा अर्थ दिलेला असतो. वाक्संप्रदाय कोशात शब्दसमूहाला मिळालेला रूढ अर्थ दिलेला असतो. हा अर्थ घटक शब्दांच्या अर्थांची बेरीज करून हाती लागत नाही, म्हणून अशा कोशांची स्वतंत्र आवश्यकता निर्माण होते. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांनी संपादित केलेला दोन विभागांचा 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' (१९४२ व १९४७) हा या प्रकारातील मराठीचा प्रमुख ग्रंथ होय.

संज्ञा व व्याप्ती

वाक्प्रचार आणि म्हण यांत भेद केला जातो. वाक्प्रचार हा वाक्याचा एक भाग असतो. तो वाक्यात योजताना त्यातील क्रियापद काळ, लिंग व वचन यांप्रमाणे बदलते; उदाहरणार्थ, 'गाशा गुंडाळणे' याचे 'त्याने गाशा गुंडाळला' असे रूप होते. म्हण ही बहुधा स्वयंपूर्ण विधान असते आणि तिचे रूप सहसा बदलत नाही. 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण जशीच्या तशी वापरली जाते. 'बादरायण संबंध', 'द्राविडी प्राणायाम', 'अळवावरचे पाणी' यांसारखे क्रियापदरहित शब्दसमूह या दोहोंच्या मध्ये येतात. 'संप्रदाय' या शब्दाचा येथील अर्थ 'बोलण्याची परंपरेने चालत आलेली रीत' असा असून त्याचा धार्मिक पंथाशी संबंध नाही.

इतिहास

मराठीतील वाक्संप्रदायांची नोंद प्रथम शब्दकोशांतच झाली. १८२९ साली शास्त्रीमंडळाने सिद्ध केलेला मराठी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. त्यानंतर जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. या कामात त्यांना जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंचे साहाय्य झाले. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. हात, पाय, डोळा, तोंड अशा शब्दांखाली मोल्सवर्थ यांनी त्या शब्दांपासून बनलेले वाक्प्रचार व म्हणी अर्थासह दिल्या आहेत. पुढील संग्राहकांना ही सामग्री आयतीच उपलब्ध झाली.

१८९९ मध्ये आल्फ्रेड मॅनवेअरिंग या मिशनऱ्याने मराठी म्हणींचा इंग्रजी भाषांतरासह संग्रह ऑक्सफर्ड येथून प्रसिद्ध केला. त्याची मांडणी शेती, प्राणी, शरीर, अन्न, नातीगोती, व्यवसाय अशी विषयवार आहे. विसाव्या शतकात वा. गो. आपटे यांचे 'मराठी भाषेचे संप्रदाय व म्हणी' यांसारखी पुस्तके विद्यार्थ्यांच्या विशेष उपयोगाची ठरली.

दाते व कर्वे हे दोघेही श्री. व्यं. केतकर यांच्या ज्ञानकोशाच्या कार्यात तयार झालेले कोशकार होते. त्यांच्या संपादनाखाली १९३२ ते १९३८ या काळात 'महाराष्ट्र शब्दकोश' सात विभागांत पूर्ण झाला. वाक्संप्रदायांसाठी स्वतंत्र कोश करण्याचे काम त्यांनी त्यानंतर हाती घेतले.

मांडणी

वाक्संप्रदाय कोशाच्या संपादकापुढील पहिला प्रश्न नोंद कोणत्या शब्दाखाली करावी हा असतो. 'डोळ्यात तेल घालून जपणे' हा वाक्प्रचार 'डोळा', 'तेल' आणि 'जपणे' या तिन्ही शब्दांखाली शोधला जाऊ शकतो. पहिल्या शब्दानुसार अकारविल्हे मांडणी केल्यास शोध सोपा होतो, परंतु म्हणीचा आरंभ प्रदेशपरत्वे बदलत असल्यास वाचकाची फसगत होते. प्रमुख शब्दाखाली नोंद केल्यास एकाच शब्दाभोवतीचे सर्व संप्रदाय एकत्र दिसतात, पण प्रमुख शब्द कोणता हे वाचकाला आधी ठरवावे लागते. विषयवार मांडणी वाचनाला रंजक असली तरी तिला अकारविल्हे सूचीची जोड आवश्यक असते.

दुसरा प्रश्न समान दिसणाऱ्या शब्दांचा आहे. 'मोट बांधणे' यातील मोट म्हणजे गाठोडे. विहिरीतून पाणी काढण्याची कातडी मोट तेथे अभिप्रेत नाही. असा खुलासा नसल्यास अर्थ ठाऊक असूनही प्रतिमा चुकीची समजली जाते.

उगमाचे स्पष्टीकरण

वाक्प्रचाराचा अर्थ टिकून राहतो आणि मूळ वस्तू व्यवहारातून नाहीशी होते, असे वारंवार घडते. गाशा म्हणजे घोड्याच्या पाठीवर घालावयाचे वस्त्र. ते गुंडाळणे म्हणजे मुक्काम हलविणे. 'पाचावर धारण बसणे' यातील धारण म्हणजे धान्याचा भाव. रुपयाला पाच शेर असा महागाईचा भाव झाला की लोकांची गाळण उडे, त्यावरून अत्यंत घाबरणे हा अर्थ आला असे स्पष्टीकरण दिले जाते. 'अठराविश्वे दारिद्र्य' यातील विश्वांचा जगाशी संबंध नाही. मूळ शब्द 'अठरा विसे' असा असून अठरा गुणिले वीस म्हणजे ३६०, अर्थात वर्षाचे सर्व दिवस दारिद्र्य, अशी त्याची उपपत्ती आहे.

काही संप्रदाय इतिहासातून आले आहेत. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या, त्यावरून 'अटकेपार झेंडा लावणे' हा वाक्प्रचार रूढ झाला. १७६१ च्या पराभवावरून 'पानिपत होणे' म्हणजे पूर्ण धूळधाण होणे. अशा नोंदी तुलनेने निर्विवाद आहेत. 'ध चा मा करणे' याची नोंद मात्र तशी नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा वध झाला तेव्हा आनंदीबाईंनी पत्रातील 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' असे केले, ही आख्यायिका या वाक्प्रचारामागे आहे. मजकुरात लबाडीने फेरफार करणे हा त्याचा अर्थ निश्चित आहे. परंतु अर्थाची निश्चिती हा घटनेचा पुरावा ठरत नाही. कोशात 'आख्यायिका' हा शब्द गाळला गेल्यास एका व्यक्तीवरील आरोप इतिहास म्हणून पुढील पिढ्यांपर्यंत जातो. त्यामुळे आधार असलेला उगम, परंपरेने सांगितलेला उगम आणि केवळ तर्क यांत भेद दाखविणे ही चांगल्या कोशाची कसोटी मानली जाते.

निवडीचे प्रश्न

मराठी म्हणींमध्ये विशिष्ट जाती, विधवा, सुना, अपंग व्यक्ती यांच्याविषयी तुच्छता दर्शविणाऱ्या म्हणींची संख्या मोठी आहे. त्या पूर्णपणे वगळल्यास जुने वाङ्मय वाचणाऱ्यास अर्थ मिळत नाही आणि समाजाच्या तत्कालीन वृत्तीचा पुरावाही नाहीसा होतो. त्या कोणत्याही टिपणीविना दिल्यास पूर्वग्रहाला लोकशहाणपणाचे स्वरूप प्राप्त होते. म्हणीचा अर्थ देऊन ती कोणाविषयी, कोणत्या दृष्टीने बोलली जात असे हे नोंदविणे, हा मार्ग संशोधनपर कोशाला उपयुक्त ठरतो. शालेय संग्रहांत अशा म्हणी सामान्यतः गाळल्या जातात.

बोलींचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. छापील कोशांचा आधार मुख्यत्वे लिखित वाङ्मय आणि प्रमाण मराठी हा राहिला. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी इत्यादी बोलींतील अनेक संप्रदाय तोंडी व्यवहारातच राहतात. जात्यावरच्या ओव्या, मोट, बैलगाडी, चूल यांच्याशी निगडित बोलणे जाणणारी पिढी कमी होत असल्याने त्यांच्या संकलनाला कालमर्यादा आहे.

उपयोग

शालेय परीक्षांत वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करण्याचा प्रश्न विचारला जातो. त्यामुळे अर्थांच्या छोट्या याद्यांचा प्रसार मोठा आहे. मात्र यादीतील एका शब्दाचा अर्थ प्रसंग सुचवीत नाही. 'हातावर तुरी देणे' याचा अर्थ केवळ 'पळून जाणे' असा दिल्यास 'सैनिक रणांगणावरून हातावर तुरी देऊन गेले' असे सदोष वाक्य तयार होते. पकडणाऱ्यास चकवून निसटणे ही छटा तेथे आवश्यक असते. उदाहरणवाक्य देणारा कोश ही उणीव भरून काढतो. अनुवादक, संपादक आणि जुन्या बखरी व पत्रव्यवहार अभ्यासणारे संशोधक यांनाही असे कोश उपयोगी पडतात.

मोल्सवर्थ यांचा कोश आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशसंग्रहात महाजालावर शोधता येतात. संगणकीय शोधामुळे वाक्प्रचारातील कोणत्याही शब्दावरून नोंदीपर्यंत पोहोचता येते आणि नोंद कोणत्या शब्दाखाली करावी हा मांडणीतील जुना प्रश्न बऱ्याच अंशी सुटतो. अर्थाची छटा आणि उगमाची विश्वसनीयता ठरविण्याचे काम मात्र संपादकालाच करावे लागते.