कुलाब्याची लोकल

नरिमन पॉइंटला एका क्लायंटकडे वर्षभर होतो. रोज सकाळी चर्चगेटला उतरायचं आणि शेअर टॅक्सीच्या रांगेत उभं राहायचं. रांगेत उभं राहिलं की एकच प्रश्न डोक्यात यायचा: ही लोकल इथेच का थांबते? पुढे अजून एवढी मुंबई आहे की राव!

उत्तर सापडलं तेव्हा चक्रावलोच. लोकल पुढे जायची!

बी.बी. अँड सी.आय. रेल्वेनं, म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेच्या पूर्वजानं, १८७३ साली रूळ थेट कुलाब्यापर्यंत नेले. १८९६ साली तिथे स्टेशनची नवी इमारत झाली. ५ जानेवारी १९२८ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली. आणि १९३० संपता संपता कुलाबा स्टेशन बंद! विजेची गाडी कुलाब्यानं पाहिली ती जेमतेम तीन वर्षं.

प्रवासी मिळेनात म्हणून? छे. रूळ होते समुद्राला खेटून. बॅकबेत भराव घालून नवी जमीन करायचं काम १९२०च्या दशकात सुरू झालं, आणि जुनं शहर व ती नवी जमीन यांच्या मधोमध हे रूळ येत होते. म्हणून ते काढले. लांबच्या गाड्यांसाठी १८ डिसेंबर १९३०ला बॉम्बे सेंट्रल उघडलं, लोकल चर्चगेटला थांबली.

खरी गंमत पुढे आहे. भरावाची योजना खर्चात आणि घोटाळ्यात रुतली, आठपैकी चारच भाग पुरे झाले. नरिमन पॉइंटचे टॉवर उभे राहिले ते १९७०च्या दशकात. म्हणजे हजारो लोक तिथे कामाला जायला लागले, तेव्हा गाडी जाऊन चाळीस वर्षं झाली होती! आणि पॉइंटला नाव कुणाचं? तो घोटाळा चव्हाट्यावर आणणाऱ्या खुर्शेद नरिमन यांचं.

आमच्या धंद्यात नवी सिस्टिम नीट चालल्याशिवाय जुनी बंद करत नाहीत. केली, तर रात्री-अपरात्री फोन येतात. इथे मात्र फोन कुणालाच आला नाही, लोक मुकाट्यानं रांगेत उभे राहिले. अस्मादिकही त्यातलेच.

कुलाबा स्टेशनच्या जागी आज रेल्वे अधिकाऱ्यांची वसाहत आहे, बधवार पार्क. ऑक्टोबर २०२५मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत आली. म्हणजे या टोकाला पुन्हा रेल्वे यायला जवळजवळ पंचाण्णव वर्षं लागली, आणि तीही जमिनीखालून.

असो. रूळ उखडायला फार वेळ लागत नाही, एवढं खरं.